भाजीच्या वाफ्याला सिमेंटचा पत्रा लावू नका

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आपल्याकडे छपरं उघडी पडतात. पावसाआधी जुने सिमेंटचे पत्रे उतरवून त्या जागी लोखंडी रंगीत पत्रे चढवायची घाई ठाण्यापासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे चाललेली असते. उतरवलेले करडे, शेवाळलेले, कडेने तडकलेले पत्रे मग कुंपणाला टेकून उभे राहतात. नेमक्या याच दिवसांत, मृग लागायच्या आत, परसात आणि गच्चीवर भाजीचे गादीवाफे बांधून व्हायचे असतात. पत्रा फुकटचा. कुजत नाही, वाळवी लागत नाही, हातोडीच्या दोन टोल्यांत हवा तसा तुकडा पडतो. चार तुकडे आडवे रोवायचे, मध्ये माती भरायची, की वाफा तयार.

कृपा करून हे करू नका. ज्यांनी पत्रे आणून ठेवले आहेत पण अजून फोडलेले नाहीत, त्यांनी निदान हातोडी खाली ठेवावी आणि पुढचं वाचावं.

घरोघरी ज्याला आपण नुसता सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात सिमेंटला बळकटी यावी म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. ते इतके बारीक असतात की हवेत तरंगताना डोळ्यांना दिसत नाहीत. पत्रा अखंड असतो तोवर बहुतेक तंतू सिमेंटमध्ये पकडलेले राहतात. पत्रा कापला, फोडला, तारेच्या ब्रशने घासला की ते सुटतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहतात. त्यातून होणारे आजार म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि दम कोंडत नेणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस. हे बहुधा वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतात. म्हणून तर कुणाला पत्र्याची भीती वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते. साठहून अधिक देशांनी त्याचा वापर बंद केला आहे. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आणि पत्रे बनवणं चालू राहिलं, त्यामुळे दुकानात राजरोस मिळतं ते निर्धोकच असणार, असा समज पक्का झाला.

एक गैरसमज मात्र दुसऱ्या बाजूने होऊ नये. मेथी-पालक मुळांवाटे अ‍ॅस्बेस्टॉस शोषून घेत नाहीत. अशा वाफ्यातली भाजी खाल्ली म्हणून हबकून जाऊ नका. इथे धोका ताटात नसून हवेत आहे. पावसाच्या माऱ्याने पत्र्याचा वरचा सिमेंटचा थर झिजतो आणि तंतू उघडे पडतात. खुरपं कडेला घासतं, तुकडे मातीत मिसळतात, एप्रिलमध्ये तीच माती वाळून उडते. खुरपणी करणाऱ्याचं तोंड त्या मातीपासून जेमतेम हातभर अंतरावर असतं. शेजारी नातवंडं मातीत खेळत असतात, हे वेगळं सांगायला नको.

आता बाजारात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचे पत्रेही मिळतात. पण जुन्या छपराचा पत्रा नुसता बघून कोणता ते ओळखता येत नाही. जुना करडा पन्हाळी पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचाच समजून चालावं.

पत्र्यावर एवढा वेळ घालवला, कारण त्याची घाई या आठवड्याची आहे. खरा प्रश्न त्याहून रुंद आहे. गच्चीवरच्या बागेची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून माती करायला शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढल्या. या परंपरेचा एक संस्कार असा की काही विकत आणायचं नाही, टाकाऊतून टिकाऊ करायचं. संस्कार उत्तम आहे, पण तो पालापाचोळ्याला, उसाच्या चिपाडाला, नारळाच्या शेंड्यांना लागू होता. तोच हिशेब आपण भंगारातल्या दारांना आणि कारखान्यातून आलेल्या पिंपांना लावू लागलो आणि घोळ झाला. सोयरीक जुळवताना आपण घराणं विचारतो, आजोळ विचारतो. ज्या वस्तूच्या कुशीत पुढची पाच वर्षं घरचा भाजीपाला वाढणार, ती आधी कुठे नांदली होती एवढं तरी विचारा. वस्तूचा पूर्वेतिहास सांगता येत नसेल तर ती वाफ्याला नको. माझ्या मते एवढा एक नियम पाळला तर निम्म्याहून अधिक धोके दारातूनच परत जातात.

रंगवलेल्या लाकडाचं बघा. पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत आणि त्यांची दारं, खिडक्या, चौकटी भंगार बाजारात ढिगाने येतात. सागवानी असतात, स्वस्त असतात, वाफ्याच्या कडेला दिसतातही छान. त्यांच्यावर मात्र चाळीस-पन्नास वर्षांचे तैलरंगाचे थर असतात. घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत असावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, केशरी छटांमध्ये, शिसं भरपूर असू शकतं. उन्हा-पावसाने त्या रंगाच्या खपल्या पडतात, मातीत मिसळतात आणि शिसं कुजत नाही, उडून जात नाही, तिथेच राहतं. मुळा, गाजर, रताळं यांना ती माती चिकटते, पालेभाजीवर तिची धूळ बसते, मुलांची बोटं तोंडात जातात. मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही; बुद्धी आणि वाढ यांवर त्याचा परिणाम अगदी थोड्या प्रमाणातही होतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० सालच्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं असल्याचा अंदाज दिला आहे. त्यात आपल्या घरच्या वाफ्याने भर घालू नये.

रंग तासून काढू का, असं हमखास विचारलं जातं. नको. कोरडा घासलात तर शिशाची धूळ घरभर होईल. त्याहून वाईट म्हणजे असं लाकूड बंबात घालणं. पाणी तापवायच्या बंबात किंवा चुलीत जुनी रंगीत फळकुटं जाळायची आणि ती राख भाजीला पालाश म्हणून टाकायची, ही पद्धत खेड्यात आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत अजून आहे. साध्या लाकडाची राख भाजीला चांगली, यात वाद नाही. पण रंगवलेलं किंवा रसायनात मुरवलेलं लाकूड जळतं तेव्हा जड धातूंचा काही भाग धुरात जातो आणि उरलेला राखेत गोळा होतो. ती राख वाफ्यात टाकणं म्हणजे विष मोजून आणि वेचून टाकणं.

लाकूड मुरवण्याच्या रसायनाची गोष्ट तर आपल्याच देशातली आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक मिश्रण शोधलं. या मिश्रणात मुरवलेलं लाकूड बुरशी आणि वाळवी दोघांनाही दाद देत नाही. जगभर विजेचे खांब, धक्के, कुंपणं, घराबाहेरचे ओटे त्याच्यावर उभे राहिले. पुढे आर्सेनिक मातीत झिरपतं हे लक्षात आल्यावर अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते लाकूड बनवणं थांबवण्यात आलं. आपल्याकडे कारखान्यांच्या कूलिंग टॉवरचं लाकूड या पद्धतीने मुरवतात, आणि टॉवर मोडला की फळ्या भंगारात येतात. नव्या लाकडावर हिरवट झाक असते, जुनं झाल्यावर ती जाते, म्हणजे ओळख पटवायलाही काही उरत नाही. बांबूही याच द्रावणात मुरवलेला मिळतो. ‘ट्रीटेड आहे, पंधरा वर्षं बघायला नको’ असं विक्रेता म्हणाला की कशाने ट्रीट केलंय ते विचारा. उत्तर आलं नाही तर कुंपणाला घ्या, वाफ्याला नको.

रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर बागशौकिनांचा जीव असतो. सगळेच वाईट नसतात, पण अनेकांमध्ये क्रिओसोट मुरलेलं असतं. हा दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेला तेलकट अर्क, आणि त्यात कर्करोगकारक द्रव्यं असतात. उन्हात काळा चिकट घाम येतो, डांबराचा वास येतो. त्यावर बसायचं बाकसुद्धा करू नये, भाजीचा वाफा तर दूरच.

यापेक्षाही आपल्याकडे सर्रास चालतं ते जळकं ऑइल. गॅरेजमधून वापरलेलं काळं इंजिन ऑइल आणायचं आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडी खुंट्यांना, फळ्यांना चोपडायचं. हा सल्ला सुतारापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे देतात. त्या तेलात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात, जळणातून आलेली विषारी संयुगं असतात, आणि पहिल्याच जोरदार सरीबरोबर ते मातीत उतरतं. वाळवीसाठी वाफ्याभोवती क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतणारेही कमी नाहीत. भाजी घरची आणि बिनविषारी म्हणून मिरवायची आणि तिच्या पायाशी हे ओतायचं, याला काय म्हणावं!

पॅलेटच्या लाकडाबद्दल थोडं सबुरीने बोलायला हवं, कारण ते सरसकट टाकाऊ नाही. न्हावा-शेवा बंदरातून भिवंडी, चाकणच्या गोदामांत जाणाऱ्या मालाखाली जे लाकडी सांगाडे असतात, त्यातल्या परदेशी प्रवास केलेल्यांवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. शिक्क्यात एचटी अक्षरं असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं आहे, रसायन नाही. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते सोडून द्यावं. शिक्का नसलेल्याचं काहीच सांगता येत नाही. मात्र शिक्का चांगला असला तरी त्या पॅलेटवर कशाची पोती होती हे तो सांगत नाही. डाग, तेलकटपणा, उग्र वास दिसला तर तेही परत.

पिंपांचं पाप मोठं आहे. दोनशे लिटरची निळी पिंपं उभी चिरली की दोन लांब वाफे होतात, म्हणून गच्चीच्या बागांमध्ये त्यांना सतत मागणी. ती येतात कुठून? बरीचशी औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांतून. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं हा २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ती परवानाधारक प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवीत, हातगाडीवरून रहिवासी सोसायटीत नव्हे. ‘आतून धुऊन दिलंय’ या आश्वासनाला अर्थ नाही. प्लॅस्टिक काही रसायनं अंगात शोषून घेतं आणि नंतर हळूहळू सोडतं. खाद्यपदार्थांची पिंपं वेगळी. लोणच्याचं, गुळाच्या काकवीचं, खाद्यतेलाचं पिंप वासावरून आणि लेबलवरून कळतं आणि ते वापरायला हरकत नाही. लेबल खरवडलेलं असेल तर ते का खरवडलं असेल याचा विचार करावा. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांनाही हेच लागू. त्यात झेंडू लावा, कोथिंबीर नको.

टायर, फ्लेक्स आणि थर्माकोल यांना मी एकाच ओळीत निकालात काढतो. टायर झिजताना जस्त आणि इतर संयुगं सोडतो, शिवाय त्याच्या पोकळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. निवडणुकीचे फ्लेक्स वर्षभर उन्हात तडकून त्यांचा भुगा मातीत जातो. थर्माकोलच्या पेट्यांचे मणी होऊन ते गटारात पोचतात. तिन्ही नकोत.

मग बांधायचं कशाने? सुदैवाने यात महाराष्ट्र आणि गोवा श्रीमंत आहेत. कोकणात जांभा आहे. चार चिरे आडवे टाकले, दर्जा भरलाच नाही तरी वाफा पिढीभर टिकतो, पाणीही मुरू देतो. देशावर काळा दगड आणि भाजलेली वीट. वीट नवी किंवा पाडकामातली चालेल, फक्त तिला रंगवलेलं प्लास्टर चिकटलेलं नसावं. शहाबादी फरशी उभी रोवली तर जागा कमी खाते आणि सरळ रेघ मिळते. बांबू हवा असेल तर माणगा किंवा मेस घ्या. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवायची जुनी रीत आहे. त्यातला गोडूस, पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. तरी मातीत दोन-तीन वर्षांनी बदलावा लागेल, आणि त्यात काही बिघडत नाही. कुजलेला बांबू वाफ्यातच जिरतो. बाभळीचा किंवा सागाचा नार असलेलं लाकूड असंच, बिनरंगाचं, वापरावं. फारच वाटलं तर बाहेरून कच्चं जवसाचं तेल. पोफळीचे उभे चिरलेले सोट दोन-तीन पावसाळे सहज काढतात. नवा गॅल्व्हनाइज्ड पत्राही चालेल. त्याच्या लेपातलं जस्त साध्या बागेच्या मातीत फारसं उतरत नाही.

गच्चीवर मात्र जांभा आणि वीट यांचा मोह आवरा. इथे सुरक्षितता म्हणजे वजनही. जिथे माणसं वावरतात अशा सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो, आणि फूटभर जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जातो. तेव्हा माती थोडी, आणि पालापाचोळा, चिपाड, नारळाचा भुसा, घरचं कंपोस्ट जास्त. वाफे तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर, स्लॅबच्या मधोमध नकोत. कडेला भाजी मंडईतले जुने क्रेट किंवा विणलेल्या जाड पिशव्या पुरतात. जिला सगळे सिपोरेक्स म्हणतात ती हलकी वीट सोयीची आहे, फक्त बाहेरून प्लास्टर हवं. चाळीस वर्षांपूर्वीची इमारत असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

आणि काहीही भरा, पण तळाला राडारोडा भरू नका. पाडकामातला चुरा फुकट मिळतो, निचरा चांगला होतो, हे खरं आहे. पण त्यातच पत्र्याचे तुकडे, रंगाच्या खपल्या, फुटलेल्या ट्यूबलाइट असतात.

ज्यांचे वाफे आधीच बांधून झालेत, त्यांनी घाबरून आज संध्याकाळी उखडायला घेऊ नये. सिमेंटचा पत्रा असेल तर पाऊस मदतीला येतो. दोन-चार सरी पडून पत्रा आणि माती पूर्ण ओली झाल्यावर, नाकावर पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लावून, तुकडे न मोडता अलगद उपसावेत. जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टी लावावी, वर मोठ्या अक्षरांत ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहावं. कोरडा झाडू फिरवू नये. हे काम करताना घातलेले कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. रंगीत लाकूड, स्लीपर, जळकं ऑइल असेल तर ती कडा काढून तिच्या लगतची वीतभर माती काढून टाकावी, कारण झिरपलेलं बहुतेक तिथेच असतं. उरलेल्या मातीबद्दल शंका असेल तर यंदा तिथे पालेभाज्या, मुळा, गाजर, रताळी नकोत; भेंडी, वांगी, दोडका, टोमॅटो यांच्या फळांत शिसं फार कमी उतरतं. किंवा सरळ झेंडू आणि शेवंती लावा, गणपती-दसऱ्याला कामी येतील.

काढलेलं टाकायचं कुठे, हा प्रश्न एकट्या घराने सुटणारा नाही. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत, पण ती कारखान्यांच्या मालासाठी. दोन पत्रे घेऊन तिथे कुणी जाणार नाही. घरातल्या रंगाच्या आणि कीटकनाशकाच्या डब्यांसारख्या घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी पालिकांना सांगितलं होतं. आपल्या प्रभागात ते कुठे आहे हे विचारा, लेखी विचारा, आणि मे-जूनमध्ये उतरवलेल्या सिमेंटच्या पत्र्यांसाठी वेगळी गाडी ठरलेल्या दिवशी फिरवावी अशी मागणी त्याच अर्जात करा. वीस सह्यांचा अर्ज एका सहीच्या अर्जापेक्षा लवकर वाचला जातो. ग्रामपंचायतीत हाच विषय पावसाळ्याच्या तोंडावरच्या ग्रामसभेत मांडता येईल.

पत्रे बदलणाऱ्या ठेकेदारांना वेगळी विनंती. तुमची माणसं दिवसभर याच धुळीत असतात. पत्रा वरून खाली फेकू नका, पाणी मारून अखंड उतरवा, आणि ‘बागेला घेऊन जा’ म्हणून कुणाला तुकडे वाटू नका. रोपवाटिकावाल्यांनी वाफ्याचं साहित्य विकताना ते कुठून आलं याची चिठ्ठी लावावी. सोसायट्यांच्या सचिवांनी हा मजकूर फलकावर लावला, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकला, कापून छोटा केला तरी चालेल. फक्त पत्र्याचा भाग गाळू नका, आणि मृगाच्या आत लावा. नंतर वाफे बांधून झालेले असतील.